काचकारखान्याच्या आवारात

सून पहिल्यांदा आपटली तेव्हा सासऱ्यांनी तिला उचलायला हात पुढे केला नाही. ते उभ्या जागेवरून हललेसुद्धा नाहीत. मोटरसायकल एका अंगावर पडून घरघरत होती, मागचं चाक अजून फिरत होतं आणि तिचा कोपर काँक्रीटवर चांगलाच सोलवटला होता.

"आधी मागे बघ," ते तिथूनच म्हणाले. "मागून कोण येतंय ते बघ, मग उठ. पडलेल्या माणसाला पडल्याने होत नाही तेवढं मागच्या गाडीने होतं."

मागे कोण असणार? बंद पडलेल्या काचकारखान्याचं ते आवार होतं. गंजलेलं फाटक, एका बाजूला माल बांधायची लांबलचक शेड, मध्ये ट्रक वळवायला केलेलं मोकळं मैदान आणि फटींतून उगवलेलं गवत. तरी तिने मान वळवून मागे बघितलं, मग चावी फिरवून इंजिन बंद केलं आणि उठली. कोपराकडे बघायची तिला लाज वाटली. सासऱ्यांनी खिशातून रुमाल काढून दिला आणि तिने थांबायच्या जागी आखलेल्या खडूच्या रेघेपाशी जाऊन पुन्हा उभे राहिले.

सासरे आयुष्यभर बस चालवून निवृत्त झाले होते. डेपोत नवे ड्रायव्हर त्यांच्या हाताखाली तयार व्हायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत, आणि हे मास्तरपण घरी आल्यावरही उतरत नसे. जेवताना कोणी घाईने घास कोंबला की म्हणायचे, "अंतर ठेव." घरात हसायला तेवढंच पुरायचं. इतक्या वर्षांत त्यांच्या बसने कोणाला साधं खरचटलंही नव्हतं. आणि त्यांचाच मुलगा भर दुपारी, सरळसोट रस्त्यावर, बंद पडून उभ्या असलेल्या ट्रकच्या मागे जाऊन आदळला होता. ट्रकला लाल फडकं बांधलेलं होतं. रस्ता कोरडा होता. पोलिसाने मास्तरांना जागेवर नेऊन दाखवलं, की बघा, ब्रेकची खूणच नाही. मास्तर बराच वेळ त्या स्वच्छ रस्त्याकडे बघत राहिले होते.

मुलाला काहीच आठवत नव्हतं. तो आणि सून एकाच ठिकाणी कामाला होते, दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या कारखान्यात. ती टेबलाशी बसून कवळ्या घासायची, त्यांना चकाकी द्यायची. तो दवाखान्यांतून साचे गोळा करून आणायचा आणि तयार माल पोचवायचा. अर्ध्या गावाचं हसू माझ्या खोक्यात असतं, असं तो म्हणायचा. त्या दिवशी शेवटच्या दवाखान्यातून निघून हेल्मेट डोक्यात घातलेलं त्याला आठवत होतं, आणि त्यानंतर थेट हॉस्पिटलचं छत. मधलं सगळं कोणीतरी पुसून टाकल्यासारखं गेलं होतं. त्याबरोबर कमरेखालचं शरीरही गेलं.

भेटायला येणारे विचारायचे, कसं काय झालं? तो म्हणायचा, आठवत नाही. तोंडावर कोणी काही बोलत नसे, पण जिन्यात एकमेकांना विचारायचे. झोप लागली असेल, मोबाइलवर असेल, थोडी घेतली असेल. दार पातळ होतं. आत सगळं ऐकू यायचं.

आता त्याला दर थोड्या वेळाने या कुशीवरून त्या कुशीवर वळवावं लागे, नाहीतर पाठीला जखमा होतील असं हॉस्पिटलमधल्या नर्सने बजावून सांगितलं होतं. मास्तरांच्या खांद्यात एकट्याने त्याला वळवण्याएवढं बळ उरलं नव्हतं. टेबलाचं काम म्हणजे सकाळी बसलं की संध्याकाळीच उठायचं. म्हणून कवळ्यांच्या कारखान्याच्या मालकीणबाईंनी जेव्हा नवऱ्याची फेरी तू घेतेस का असं विचारलं, तेव्हा तिने फार आढेवेढे घेतले नाहीत. फेरीच्या मध्ये घरी डोकावता येणार होतं, त्याला वळवता येणार होतं. त्याची मोटरसायकल दुरुस्त होऊन अंगणात उभीच होती. नवऱ्याला हे सांगितल्यावर त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. तेवढं त्याला अजून जमत होतं.

लग्नाआधी तिने स्कूटर चालवली होती, गिअरची गाडी कधीच नाही. मास्तर म्हणाले, "चालवायला तुला कोणीही शिकवेल. थांबायला मी शिकवतो."

मग रोज सकाळी कामाआधी दोघं त्या आवारात यायची. मास्तरांनी तिला आधी गाडी नुसती ढकलून थांबवायला लावली, मग हळू, मग वेगात. पुढचा ब्रेक एकदम ओढायचा नाही. आधी बोटं टेकवायची, गाडीचं वजन पुढच्या चाकावर येऊ द्यायचं आणि मग आवळत जायचं. मागच्या ब्रेकवर पाय फक्त ठेवायचा, त्याच्यावर नाचायचं नाही. गुडघ्यांनी टाकी धरायची, म्हणजे अंगाचा भार हातांवर येत नाही. आणि डोळे वर. तिचं इथेच चुकायचं. ब्रेक दाबला की नजर आपोआप चाकाकडे जायची, आणि जिकडे नजर तिकडे गाडी. ती आणखी दोनदा पडली. एकदा बादलीभर पाणी ओतून मास्तरांनी तिला ओल्या काँक्रीटवर थांबायला लावलं. मागचं चाक घसरून गाडी तिरकी झाली, पण ती पडली नाही. त्या दिवशी मास्तर घरी जाताना टपरीवर थांबले आणि तिला चहा पाजला. कौतुक करायची त्यांची तेवढीच रीत होती.

मास्तरांचं समाधान झालं तेव्हा ती फेरीवर जाऊ लागली. खोक्यात साचे, पाठीवर पिशवी. दुपारी घरी येऊन नवऱ्याला वळवायची, चार घास खायची, पुन्हा निघायची. सकाळचं आवार मात्र सुटलं नाही. मास्तरांचं म्हणणं असं की रेघ दिसत असताना कोणीही थांबतं, कुठे थांबायचं ते आधीच माहीत असतं. रस्त्यावर रेघ नसते. मग ते शेडच्या खांबांमागे लपून मध्येच रिकामं खोकं पुढे ढकलू लागले. ती थांबायची. काही दिवसांनी त्यांनी खोकं टाकून दिलं आणि स्वतः खांबामागून बाहेर आले.

तिने गाडी थांबवली, उतरली आणि हे मी करणार नाही असं स्पष्ट सांगितलं. मास्तरांनी तिला शांतपणे समजावलं. खोक्याची कोणाला भीती वाटत नाही. माणूस पुढे आलं की हात गारठतो, श्वास अडकतो, आणि ते पहिल्यांदा रस्त्यावर झालं तर फार उशीर झालेला असतो. आपण पुरेसं अंतर धरूनच बाहेर येऊ. किती अंतरात काय थांबतं हे बघण्यात आपला जन्म गेला आहे.

"आणि नाही थांबले तर?"

"थांबशील," मास्तर म्हणाले.

ती थांबत गेली. कधी ते पहिल्या खांबामागून यायचे, कधी शेवटच्या, कधी येतच नसत. ती एकेका खांबाकडे बघत जायची. हळूहळू रस्त्यावरही तिला हे जमू लागलं. उभ्या बसच्या पुढून कोणी येईल, त्या फाटकातून गाडी निघेल. मान न हलवता डोळे फिरत राहायचे. संध्याकाळी डोकं दुखायचं, पण मास्तर म्हणत की दुखतंय म्हणजे चालू आहे.

मग ती सकाळ आली. चादर बदलताना तिला नवऱ्याच्या माकडहाडापाशी एक डाग दिसला, रुपयाएवढा, लालसर काळा. नर्सने सांगितलं होतं तसं तिने बोटाने दाबून पाहिलं. दाबल्यावर चांगली कातडी पांढरी पडते. ही पडली नाही. नवऱ्याला तिथलं काही कळत नव्हतं, तो खिडकीकडे बघत होता. तिने चादर सारखी केली, कोणालाच काही बोलली नाही, आणि मास्तरांना मागे बसवून आवारात गेली.

पहिल्या दोन फेऱ्या ठीक झाल्या. तिसऱ्या फेरीत ती शेडच्या बाजूने येत होती. काल दुपारी त्याला कुठल्या कुशीवर ठेवलं होतं हे तिला आठवेना. डाव्या की उजव्या? चादरीला खाली चुणी राहिली होती का? आज कारखान्यात सांगून लवकर यावं, की आधी नर्सला फोन करावा? खांब एकेक करून मागे जात होते. एका खांबामागून मास्तर बाहेर आले. तिने त्यांना पाहिलं. चौकटीचा शर्ट, वर केलेला हात, चष्म्यावर पडलेलं ऊन, सगळं दिसलं. पुढे कितीतरी दिवस तिला हेच छळत राहिलं, की सगळं दिसत होतं आणि हात हलला नाही. मग हलला. बोटं टेकली, आवळली, गाडी पुढे झुकली, चाक जराही घसरलं नाही. इतका नीट ब्रेक तिने आजवर लावला नव्हता. अगदी शेवटी, गाडी जवळजवळ थांबली असताना, पुढचं चाक त्यांच्या पायाला लागलं. धक्का एवढासा होता, की तरण्या माणसाने शिवी देऊन कपडे झटकले असते. मास्तर बाजूला पडले आणि उठले नाहीत.

ती धावली. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "गाडी बंद कर आधी," ते म्हणाले, आणि मग डोळे मिटून घेतले.

खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टरांना मास्तरांनी सांगितलं की पायरीवरून घसरलो. ती बाजूलाच उभी होती, तिने ते खोडून काढलं नाही. ऑपरेशनला नेण्याआधी त्यांनी तिला जवळ बोलावलं. औषधाने जीभ जड झाली होती.

"ब्रेक बरोबर लावलास," ते म्हणाले. "उशिरा लावलास."

"बाबा, मी तुम्हाला पाहिलं होतं."

"पाहिलं असशील. मीपण आज जवळून आलो. अंतर कमी आहे हे मला कळलं होतं, तरी आलो. वाटलं, थांबेल ही."

संध्याकाळी नणंद आली. मास्तरांची थोरली लेक, दुसऱ्या गावाहून मिळेल ती गाडी पकडून आलेली. पायरीची गोष्ट तिच्यापुढे टिकवून धरावी असं सुनेला वाटलं नाही. तिने हॉस्पिटलच्या जिन्यात सगळं खरं सांगितलं. नणंदेने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"एक घरात पडलाय ते पुरलं नाही का तुला?" एवढंच ती म्हणाली, आणि त्यानंतर सुनेशी बोलली नाही. डबा हातात घ्यायची, औषधाची चिठ्ठी हातात द्यायची, पण तोंडातून शब्द नाही.

ऑपरेशन चांगलं झालं. हाड नीट बसलं. पण मास्तरांना उठून बसवेना, खोकला सुरू झाला, छाती भरली. डॉक्टर म्हणाले या वयात असं होतं. मास्तर शेवटचे दिवस नीट शुद्धीवर नव्हते. मध्येच पाय पुढे ताणायचे, पलंगाच्या दांडीवर दाबायचे. नणंदेला वाटायचं पायात गोळे येतात. सुनेला माहीत होतं ते काय करतात. तिने सांगितलं नाही.

महिन्याच्या आतच मास्तर गेले. डेपोतले जुने ड्रायव्हर जमले, त्यांनीच खांदा दिला. मुलगा घरात पलंगावर पडून होता. वडिलांना बाहेर नेतानाची पावलं त्याने जिन्यावर शेवटपर्यंत ऐकली.

सगळे पांगले, नणंदही गेली, तेव्हा घर अगदी मोकळं झालं. मोटरसायकल आवारातून कोणीतरी आणून अंगणात लावली होती, तिच्याकडे ती बघत नव्हती. कारखान्यातून रजा घेतली होती. दिवसभर ती नवऱ्याला वळवायची, डाग आता उघडी जखम झाला होता, तो धुवायची, पट्टी बांधायची. दोघांच्या बोलण्यात पाणी, औषध, खिडकी, यापलीकडे काही येत नव्हतं. एका दुपारी ती पट्टी बांधत असताना तो भिंतीकडे तोंड असतानाच म्हणाला, "एक विचारू? खरं सांगशील?"

ती थांबली.

"बाबा समोर आले तेव्हा तू कसला विचार करत होतीस?"

आज ना उद्या हा प्रश्न येणार हे तिला माहीत होतं. तिने काही दुसरं सांगायचं मनाशी घोळवून पाहिलं होतं. आता ते जमेना.

"याचा," ती म्हणाली, आणि तिचं बोट पट्टीवर टेकलेलं होतं, जे त्याला कळणार नव्हतं. म्हणून तिला पुढे बोलावं लागलं. "तुझ्या पाठीला जखम झाली आहे. त्या दिवशी सकाळी पहिल्यांदा दिसली. तुला कुठल्या कुशीवर ठेवलं होतं ते आठवत होते."

त्याने मान मागे वळवायला बघितली. "रोज पट्टी बांधतेस ती त्याचीच?"

"हो."

"मला वाटलं असंच, काळजी म्हणून." मग म्हणाला, "बाबा दिसत होते तुला?"

"दिसत होते. शर्टाच्या चौकटीसुद्धा."

"आणि हात?"

"हात नाही हलला. मग हलला. मधे किती वेळ गेला, ठाऊक नाही. झोप नव्हती, चक्कर नव्हती. डोळे उघडे होते. मी फक्त तिथे नव्हते."

त्याने मला वळव असं सांगितलं. तिने त्याला आपल्याकडे वळवलं. त्याचे डोळे कोरडे होते, पण हनुवटी हलत होती.

"लोक म्हणतात झोप लागली," तो म्हणाला. "मी शंभरदा आठवून बघितलं. झोप नव्हती लागली एवढं मला आतून वाटायचं, पण मग काय झालं ते सांगता येत नव्हतं. असंच झालं असणार. ट्रक दिसला असणार मला. लाल फडकंसुद्धा दिसलं असणार."

"असेल."

"कसला विचार करत असेन गं?"

त्या दिवसांत घरात कसलीच मोठी गोष्ट चालू नव्हती. नळ गळत होता. तिला सर्दी झाली होती. त्याच्या चपलेचा अंगठा तुटला होता. यातलंच एखादं असेल, ती म्हणाली. नळ असेल कदाचित. तो हसल्यासारखा झाला आणि मग रडला, मोठ्याने, जिन्यात ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. अपघातानंतर तो पहिल्यांदाच रडत होता. आपण त्याला काही दिलं की उरलंसुरलं काढून घेतलं, हे तिला कळलं नाही. ती पलंगाच्या कडेला बसून राहिली.

पुढच्या आठवड्यात मालकीणबाईंचा निरोप आला, की येणार नसशील तर दुसरा माणूस बघते. तिने नाही म्हणायचं ठरवलं होतं. नवराच म्हणाला, जा. दुपारी वळवायला शेजारीण येईल, तिच्याशी त्यानेच बोलून ठेवलं होतं. आणि एक अट घातली. संध्याकाळी आल्यावर दिवसभर रस्त्यात काय काय दिसलं ते त्याला सांगायचं. सगळं, कारखान्यापासून घरापर्यंत.

पहिल्या दिवशी गाडीवर बसल्यावर तिने आधी दोन्ही ब्रेक दाबून पाहिले. बाजाराच्या रस्त्याला एका उभ्या गाडीचं दार धाडकन उघडलं, आणि ती त्या दारापासून हातभर अंतरावर थांबली. आतून उतरलेल्या बाईने मोबाइल कानाला लावलेलाच ठेवून "सॉरी हं" म्हटलं आणि चालू पडली. तिने मागे बघितलं, श्वास घेतला आणि गाडी पुढे काढली. संध्याकाळी तिने ते सांगितलं तेव्हा नवऱ्याने दाराचा रंग विचारला. तिला सांगता आला.

मग ही रोजचीच गोष्ट झाली. ती भाजी निवडत सांगायची, तो डोळे मिटून ऐकायचा. आपली जुनी फेरी त्याला पाठ होती, त्यामुळे तो मध्ये मध्ये अडवायचा. वळणावरचं टायरचं दुकान उघडं होतं का? हॉस्पिटलच्या भिंतीला गाड्या लावल्या होत्या का? जखम भरत नव्हती, डॉक्टर मान हलवत होते, नणंदेचा फोन येत नव्हता. तरी त्या वेळी घरात आवाज असायचा.

एका संध्याकाळी ती सांगत होती. पुलावर एक म्हातारा सायकल हातात धरून चालला होता, त्याच्या कॅरिअरला पत्र्याचा डबा होता, मागून एक बस हॉर्न देत होती.

"आणि पूल उतरल्यावर?" त्याने विचारलं.

तिने तोंड उघडलं आणि पुढे काहीच आलं नाही. पुलावरचा म्हातारा होता आणि त्यानंतर घराखालचं अंगण. मधे शाळा आहे, दोन गतिरोधक आहेत, ते ओलांडताना तिने गाडी हळू केली असणार, गिअर बदलले असणार. रचून सांगता आलं असतं, त्याला काय कळणार होतं? तो डोळे मिटून वाट बघत होता.

"आठवत नाही," ती म्हणाली.

त्याने डोळे उघडले. रागावला नाही. हात लांब करून त्याने तिचं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. मग म्हणाला, "उद्या तिथे काय आहे ते बघून ये."

दुसऱ्या दिवशी पूल उतरताना तिने वेग कमी केला. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवून, काहीतरी पुटपुटत पुढे निघून गेला. तिने हेल्मेटच्या आत स्वतःला ऐकू येईल एवढ्या आवाजात बोलायला सुरुवात केली. शाळेची भिंत. गतिरोधक. भिंतीशी बाई, हातात दोन पिशव्या, इकडे बघत नाही. उभा टेम्पो. टेम्पोत माणूस बसलेला, दार उघडू शकतं. दुसरा गतिरोधक. कुत्रं, झोपलेलं. तिची बोटं ब्रेकवर टेकलेली होती आणि काच तिच्या श्वासाने धुरकट होत होती. तिने ती थोडी वर केली आणि पुढचं बोलत राहिली.